लाल चिठ्ठी

लोणावळ्याच्या आमच्या वाचनालयात एक ताई दर रविवारी टाकव्याहून येतात. आंबीच्या कारखान्यात माल तपासतात, त्यामुळे पुस्तकही आधी उलटसुलट करून बघतात. बोलण्याआधी टेबलावर बोट आपटतात. मला त्या बोटाची धास्तीच वाटते.

मावळातल्या गावावरची नवी चित्रकादंबरी त्यांनी अशीच तपासली आणि बोट आपटलं. "आमची बौद्ध वस्ती दाखवलीय. पानोपानी समदे मान खाली घालून बसल्यात. एक माणूस हसत न्हाई. आमी हसत न्हाई व्हय?"

अध्यक्ष गडबडले. "ताई, भावना दुखावत असतील तर पुस्तक कपाटातून काढूनच टाकू." आम्ही सभासदांनीही लगेच होकार दिला.

"म्हंजे तुमी सुटला. मला भांडायचंय. आमच्या कारखान्यात खराब माल लपवत न्हाईत, लाल चिठ्ठी लावून समोर ठेवत्यात."

पर्समधून तसली एक चिठ्ठी काढून त्यांनी वस्तीच्या चित्राच्या पानात घातली, पुस्तक दारासमोरच्या टेबलावर उघडं ठेवलं आणि खुर्ची ओढली. "हां, चित्रकाराची बाजू कोण घेतंय? बोला."

आम्ही सगळे मान खाली घालून बसलो. हसत होत्या फक्त त्या.