क्लचप्लेटला लागलेलं तेलाचं बोट

आमच्या जळगावच्या घराच्या पोर्चमध्ये वडिलांची जुनी गाडी उभी असते. मी तिला व्हिंटेज म्हणतो. बायको अडगळ म्हणते, पण कुरडया वाळवायला तिचंच बॉनेट वापरते.

दोन दसरे ती गाडी जागची हलली नव्हती. क्लचप्लेट झिजून पार गुळगुळीत झालेली. या वर्षी आबांनी, म्हणजे वडिलांनी, जेवता जेवता सांगून टाकलं, "या दसऱ्याला गाडी अक्काच्या दारात गेली नाही, तर भंगारवाल्याला बोलाव."

अक्का त्यांची मोठी बहीण, फैजपूरला दिलेली. तिला सोनं द्यायला आबा दर दसऱ्याला स्वतःच्या गाडीने जात. गेली दोन वर्षं माझ्या नव्या गाडीने गेले, पण रुसलेल्या व्याह्यासारखे, मागच्या सीटवर, खिडकीकडे तोंड करून.

नवी प्लेट कुठेच मिळेना. मग कळलं, धुळ्यात एक नाना आहेत, जुन्या प्लेटचे रिवेट उडवून त्याच चकतीवर पकडीसाठी नवं लायनिंग मारून देतात. गेलो. नानांनी प्लेट नखाने खरवडून बघितली, स्प्रिंगा एकेक दाबून बघितल्या आणि चहा संपायच्या आत कामाला लागले. मी मधूनमधून मान डोलवत होतो, जणू मलाही त्यातलं कळतं. देताना त्यांनी प्लेट वर्तमानपत्रात गुंडाळली आणि म्हणाले, "भाऊ, याले तेलना थेंब लागना, का प्लेट गई समज."

प्लेट तेलापासून जपायची, ही एक गोष्ट लक्षात ठेवायची होती. दुसरं काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी घरातलं झाडून सगळं लोखंड पाटावर येतं: विळी, पाने, पहार, हातोडी. मेकॅनिक त्याच्या गॅरेजमधली पूजा उरकून दुपारी येणार होता. तेवढ्यात मला हौस सुचली. एवढी धुळ्याहून आणलेली वस्तू कागदात काय ठेवायची? मी ती उघडून पाटाच्या मधोमध मांडली आणि फुलं आणायला बाहेर गेलो.

परत आलो तर आबा हळदकुंकू वाहून पुढच्या कामाला लागले होते. पूजेत लोखंडाला तेलाचं बोट लावायचं, म्हणजे वर्षभर गंज चढत नाही, ही त्यांची शेतातली सवय. विळीला एक बोट, पहारीला एक बोट. क्लचप्लेटला मात्र त्यांनी मायेने गोल फिरवून, मागूनपुढून, बाळाला लावावं तसं तेल लावलं होतं.

त्यांचा चेहरा बघून बोलवेना. ते उठून गेल्यावर जुन्या धोतराच्या फडक्याने प्लेट खसाखसा पुसली आणि मेकॅनिकच्या हातात दिली. त्याने विचारलं, ही पिवळी कशाने? हळद आहे, म्हटलं. ते खरंच होतं.

दसऱ्याला निघालो. आबा पुढे, मांडीवर आपट्याची पानं. मी गिअर टाकताना श्वास रोखून धरत होतो. भुसावळपर्यंत माझा डावा पाय आणि नाक, दोघांनाही चैन नव्हतं. आबा एकदा म्हणाले, गाडी काय मऊ चालतेय. मऊ चालत नव्हती, क्लच घसरत होता.

तापीच्या पुलाच्या चढावर ती थकली. एक्सिलेटर दाबला की इंजिन ओरडे, चाकं मात्र आपल्याच विचारात. करपल्याचा वास आला. मी गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिलो. शेवटी सांगितलं, "आबा, नानांनी तेल लावू नका म्हणून बजावलं होतं. मी तुम्हाला सांगितलं नाही."

आबा पानं नीट करत राहिले. "तुला फडक्याने पुसताना पाहिलं मी. तेव्हाच समजलो, माझं चुकलं. म्हटलं, पुसतोय तर निघत असेल."

म्हणजे जळगावपासून आम्ही दोघंही तोच वास शोधत आलो होतो.

अक्काच्या घरी फोन केला. केळी उतरवून परतणारा त्यांचा ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरवाल्याने दोर बांधला आणि आबांना वर बसायला सांगितलं. आबा गाडीतून हलले नाहीत. मी स्टिअरिंग धरून, ते शेजारी ताठ, असे दोराला लोंबकळत आम्ही फैजपुरात शिरलो. चौकात ओळखीचे लोक हात करत होते. आबा उलट हात करत होते. मी ब्रेककडे लक्ष असल्याचं दाखवत होतो.

अक्का ओट्यावर बसली होती. तिने आधी दोर पाहिला, मग गाडी, मग आबांना. "आलास ना पण तुझ्याच गाडीतून," म्हणाली, आणि आबांनी खिडकीतूनच तिच्या हातात सोनं ठेवलं.

गाडी अक्काच्या दारात ठेवून एसटीने परतताना आबांनी भंगारवाल्याचं नाव काढलं नाही. मला तेवढ्यानेही निवांत वाटेना. भुसावळ मागे पडल्यावर त्यांनी विचारलं, त्याच चकतीला पुन्हा लायनिंग बसेल का. बसेल म्हणालो, नाना रागावतील तेवढं.

"मग धुळ्याला मी पण येतो," आबा म्हणाले. "प्लेट माझ्या मांडीवर राहील. तू उघडू नकोस."