शेजारच्याशी जुळणारा रंग

मोटारींच्या आतल्या भागाला रंग देणारं ते दुकान दोन भावांचं होतं. थोरल्याला सगळे दादा म्हणत आणि धाकट्याला रंगारी. दादा गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांशी गोड बोलायचा. झिजलेलं स्टिअरिंग, तडकलेली सीट, घामाने काळवंडलेला दाराचा हातटेका, हे सगळं रंगाऱ्याच्या वाट्याला.

रंगाऱ्याला तिथून सुटायचं होतं. लेक दुसऱ्या गावी दिलेली. तिला नोकरी होती आणि आता पाळण्यातलं मूलही. "तुम्ही दोघं इकडेच या," म्हणून ती कधीची पाठीस लागली होती. जावयाने तिथल्या एका सोफेवाल्याकडे सासऱ्यांसाठी शब्दही टाकून ठेवला होता. बायको तर मनाने केव्हाच तिकडे पोचली होती. अडलं होतं ते दादापाशी. विषय काढला की दादा म्हणायचा, "जा की. मी काय दोरीने बांधलंय? फक्त हातातलं काम उरकू दे." आणि काम काही उरकत नव्हतं. वडील गेल्यावर याच दादाने शाळा सोडून धाकट्याला वाढवलेलं. त्याच्यापुढे 'मी जातोच' म्हणायला रंगाऱ्याची जीभ रेटत नसे.

"तुम्हाला शिंक आली तरी आधी दादांना विचाराल तुम्ही," बायको म्हणायची.

"अगं, त्याला रंग जुळवणारा माझा डोळा हवाय. डोळाच गेला, तर तोच म्हणेल, जा बाबा, आराम कर."

हे तो गमतीने बोलला, पण पुढे ते त्याच्या डोक्यातून जाईना.

अशात एका वकीलबाईंची गाडी आली. आतून बदामी, बरीच जुनी. चालकाच्या बाजूचा हातटेका पार सोलपटलेला. या कामात एक गोम असते. सीटच्या बुडाशी, प्लास्टिकच्या झाकणाखाली, कधीही ऊन न लागलेला तुकडा सापडतो आणि त्याचा रंग कारखान्यातून आला तसाच असतो. नवशिका माणूस तोच नमुना धरतो आणि फसतो, कारण उरलेली गाडी विटलेली असते. रंग जुळवायचा तो शेजारच्याशी, मूळच्याशी नव्हे.

रंगाऱ्याने या वेळी जाणूनबुजून झाकणाखालचा तुकडा नमुना म्हणून धरला. पांढऱ्यात पिवळ्या मातकट रंगाचे थेंब, काळा नुसता काडीच्या टोकाएवढा, तांबड्याची जेमतेम झाक. काडीने एक ठिपका लावला, केस वाळवायच्या यंत्राने सुकवला आणि दाराशी उजेडात नेऊन पाहिला. तंतोतंत चुकीचा होता. बाकीचं काम वाईट करायला मात्र त्याचा हात धजेना. त्याने भेगा भरल्या, घासून गुळगुळीत केल्या, रंगाचे पातळ हात मारले आणि वरून चकाकी घालवणारा थर दिला. म्हाताऱ्याच्या तोंडात एकच नवा दात बसवावा, तसा तो हातटेका त्या दारावर दिसायला लागला.

दादाने चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. "का रे, हा जरा वेगळा नाही वाटत?"

"मला हल्ली नीट दिसत नाही, दादा," रंगारी म्हणाला. पाठ केलेलं वाक्य एकदाचं तोंडातून बाहेर पडलं.

दादा काही बोलणार, तेवढ्यात वकीलबाई आल्या. दादाने माफी मागायला हात जोडले. बाई गाडीत बसल्या आणि त्यांनी हातटेक्यावरून हात फिरवला.

"गाडी घेतली तेव्हा हाच रंग होता," त्या म्हणाल्या. "मी विसरूनच गेले होते हो. मग बाकीचं कशाला असं कळकट ठेवायचं? सगळंच असं करून टाका. सीटा, दारं, समोरचा डॅशबोर्ड. आणि माझ्या बहिणीचीही गाडी पाठवते."

दादाचे हात जोडलेलेच राहिले, अर्थ तेवढा बदलला.

बाई गेल्यावर रंगारी म्हणाला, "दादा, रंग चुकलाय. तुलाही दिसलं होतं."

"दिसलं की. असाच चुकत जा." दादा हसला, मग जवळ येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "डोळ्यांचं मनावर घेऊ नकोस. मी स्वतः नेतो तुला डॉक्टरकडे. मी असताना तुला कसली काळजी?"

मुद्दाम केलं, हे सांगायला रंगाऱ्याने तोंड उघडलं. खांद्यावरचा हात काही निघाला नाही. त्याने तोंड मिटलं.

दुपारी बायकोचा फोन आला. "बोललात का?"

"एक गाडी आलीये. सगळीच करायचीय."

"आणि मग?"

"मग गाडीवाल्या बाईंच्या बहिणीची."

"दर वेळी 'इतक्यात जमत नाही' म्हणून मुलीला मी सांगते," बायको म्हणाली. "या वेळी तुम्ही सांगा."

त्याने लेकीला फोन लावला. पलीकडे मूल रडत होतं, त्यामुळे लेकीला धड ऐकू येत नव्हतं. "कधी येताय, बाबा?" तिने दोनदा विचारलं. "कामात आहे गं जरा," तो म्हणाला. "ठीक आहे," असं ती म्हणाली आणि मूल सांभाळायला गेली. या खेपेस तिने हट्टही केला नाही.

रंगाऱ्याने पेचकस घेऊन दुसऱ्या दाराचे स्क्रू काढायला सुरुवात केली. आतलं पॅनेल सुटून हातात आलं. विटलेलं, पण शेजारच्या सीटशी छान जुळणारं. आता हे सगळं त्याला आपल्याच चुकीशी जुळवायचं होतं.

"शटर ओढू का रे?" दादाने बाहेरून विचारलं. "रंगावर धूळ बसेल."

"ओढ," रंगारी म्हणाला.