आप्पांचा डाव आणि माझा सर्व्हर

माझं लग्न एका सर्व्हरमुळे मोडता मोडता राहिलं, आणि तो सर्व्हर मीच बसवला होता.

तेव्हा बीडमध्ये कॉम्प्युटर क्लासचं पीक जोरात आलं होतं. मी पुण्याहून डिप्लोमा करून परतलो (पास झालो होतो, शंका नको!) आणि आमच्या भांड्यांच्या दुकानावरच्या खोलीत क्लास काढला. खोलीत एक दणकट कॉम्प्युटर होता, तो सर्व्हर. बाकीची सगळी जुनी खोकी. त्यांच्या अंगात स्वतःचं काहीच नव्हतं. ती वायरीतून सर्व्हरमध्ये डोकवायची आणि तिथे चाललेलं काम पडद्यावर दाखवायची. असंच एक खोकं मी खाली दुकानात, माझ्या वडिलांच्या म्हणजे आप्पांच्या गादीशेजारी ठेवलं. पहिल्याच संध्याकाळी वाद झाला.

"आप्पा, काम झालं की बंद करत जा."

"तोंड धुऊन ये आधी! दिवेलागणीला दुकानात 'बंद' म्हणत्यात व्हय? दुकान वाढवत्यात. दिवा वाढवत्यात!"

"बरं, मग हे बटण दाबून वाढवा."

"काय लिवलंय त्याच्यावर?"

"...बंद करा."

"मग मी न्हाई दाबणार."

आप्पा बंद करायला तयार नव्हते आणि लाईट चालू राहायला तयार नव्हती. ती वाटेल तेव्हा जायची आणि पोरांनी टाईप केलेलं सगळं गंगार्पण! शेवटी मी चंग बांधला. सर्व्हरला बॅटरी जोडली, जाडजूड पुस्तकं पालथी घातली आणि अशी व्यवस्था केली की ज्याचं त्याचं काम सर्व्हरवर कायम उघडंच राहील. पडद्यावरची खिडकी मिटा, समोरचं खोकं विझू द्या, पुन्हा जोडलं की काम जिथल्या तिथे! शिवाय एकाचं काम दुसऱ्या खोक्यावरूनही बघता यायचं. मी स्वतःवर इतका खूश झालो की आईकडून दृष्ट काढून घेतली. आप्पांनाही ही व्यवस्था भलतीच पसंत पडली. दुकानाच्या हिशोबाची त्यांना एवढी गोडी लागलेली पाहून माझा ऊर भरून आला.

अशात धारूरचे पाहुणे माझं घर बघायला आले. मुलीचे वडील आणि मुलीचे मामा. मुलगी मी आधीच बघून आलो होतो, आणि खरं सांगतो, ती मला इतकी आवडली होती की परतताना मांजरसुंब्याच्या ढाब्यावर मी चहात मीठ घातलं आणि तो तसाच पिऊन टाकला. ही सोयरीक हुकली असती तर मी कॉम्प्युटर सोडून थेट हिमालयातच गेलो असतो.

मुलीचे वडील कडक. कपाळावर ठसठशीत भस्म, बोलणं मोजकं. आईनं त्यांच्यापुढे चिवडा ठेवला आणि सांगून टाकलं, "आमच्या घरात कसलाच नाद न्हाई बगा. ह्यांना पत्त्याचं लई येड होतं, पर मी कपिलधारला देवापुढं नेऊन शपथ घ्यायला लावली. तवापासून पत्त्याला हात न्हाई लावला!"

"चांगलं केलं," मुलीचे वडील म्हणाले. "पत्ते म्हंजे घराला लागलेली वाळवी."

मामा मात्र चिवड्यातले शेंगदाणे वेचत राहिले. आप्पांना अचानक खाली गिऱ्हाईक आल्यासारखं वाटलं आणि ते उठून गेले.

मी पाहुण्यांना क्लासमध्ये नेलं. पडद्यावर स्पष्ट दिसावं म्हणून खिडक्या लावून घेतल्या आणि छाती काढून भाषण ठोकलं. "हे बघा, आप्पांनी दुकानात सकाळी जे काम उघडं ठेवलंय, ते इथं जसंच्या तसं दिसेल!"

दिसलं. हिरव्यागार पडद्यावर पत्त्यांचा डाव मांडलेला होता!

मी झटकन पडद्यावरची खिडकी मिटवली.

"काय हुतं ते?" मुलीचे वडील.

"काही नाही, चुकून भलतंच उघडलं." पुन्हा जोडलं. पुन्हा डाव, जिथल्या तिथे! (काम किती पक्कं केलं होतं मी!) आणि माझ्या डोळ्यांदेखत चौकटची नश्शी आपली आपण उचलली गेली आणि इस्पिकच्या दश्शीवर जाऊन बसली.

"आवो, हे कोन हलवतंय?"

"ते... सर्व्हर स्वतःची तपासणी करतो. आपोआप. पत्ते लावून बघतो, डोकं नीट चालतंय का ते."

"येंत्राला डोकं आस्तंय?"

"नव्या यंत्रांना असतं."

तेवढ्यात मामा खुर्ची पुढे ओढत पुटपुटले, "ती बदाम राणी उचला की, किल्वरच्या बादशावर जाती." आणि राणी खरंच उचलली गेली! मामांनी मांडीवर थाप मारली. मुलीच्या वडिलांनी मामांकडे असं बघितलं की मामा खुर्चीसकट मागे सरकले.

आता देवाचा धावा करण्यापलीकडे माझ्या हातात काही नव्हतं. आणि देव पावला. लाईट गेली! पंखा थांबला, खोलीत मिट्ट काळोख झाला. मी सुटकेचा श्वास सोडला, तो अर्ध्यातच अडकला. पाहुण्यांसमोर फजिती नको म्हणून सकाळीच मी समोरच्या खोक्यालाही बॅटरी जोडली होती. अख्ख्या खोलीत अंधार, आणि मध्येच आप्पांचा डाव दिवाळीच्या आकाशकंदिलासारखा झगमगत होता!

आप्पांचं दुकानातलं खोकं मात्र बॅटरीवर नव्हतं. जिन्यातून त्यांचा आवाज घुमला, "आरं बाळ्या! लाईट गेली रं! माजा डाव ऱ्हायला का गेला? सुटतच आलता!"

आईनं स्वयंपाकघरात भांडं आपटलं आणि ती क्लासच्या दारात येऊन उभी राहिली. आप्पा धापा टाकत वर आले, पडदा बघितला, पाहुण्यांकडे बघितलं, आईकडे बघितलं.

"हात न्हाई लावला," ते म्हणाले. "शपथ हाताची हाय. हे काचंच्या आत हायत. लावून बगा, लागतेत का हाताला!"

मुलीचे वडील उठले, टोपी नीट केली आणि "कळवतो" म्हणून निघून गेले. मामांनी जाताना दारातून डावावर शेवटची नजर टाकली. मी त्या दिवशी जेवलो नाही, आप्पांशी बोललो नाही आणि सर्व्हरला तर अद्दल घडवण्याच्या विचारात होतो.

आणि आठवड्याच्या आत धारूरहून होकार आला!

आपल्या विद्वत्तेची छाप पडली, अशी माझी खात्री झाली. लग्नानंतरही मी त्याच तोऱ्यात होतो. एकदा न राहवून बायकोला विचारलंच, "तुझ्या वडिलांना माझ्यात नेमकं काय दिसलं गं? सर्व्हर आवडला का?"

ती हसायलाच लागली. "बाबा घरी येऊन म्हणले, पोरगं खोटं बोलतंय, पर त्याला धड खोटं बोलताबी येत न्हाई. बोलायच्या आधीच कळतंय. तुला जल्मभर सोपं जाईल."