स्थानिक तज्ज्ञाची टाच

सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती. गवीना मास्तीनू सामाईक कुरणाच्या फाटकाच्या आत चार पावलांवर उभी होती. उजव्या बुटाची टाच जमिनीत रोवून ती आवे मारिया पुटपुटत होती. गावचे पाद्री ही प्रार्थना अर्ध्या मिनिटात म्हणतात. गवीनाची अकरा सेकंदांत संपते. तिच्या मते देवाच्या आईला शब्द पाठ आहेत, मेंढ्या मात्र थांबत नाहीत.

आमेन म्हणून तिनं टाच उचलली. खळग्यात पाणी होतं. मग तिनं चिमूटभर माती घेऊन तळव्यांत वळली. शेवई झाली, चांगली वीतभर लांब, लोंबकळली तरी तुटेना. माती भुरभुरली असती तर वाफसा आला म्हणायचं. ही माती अजून आठ दिवस तरी मेंढीचं तोंड बघायला तयार नव्हती.

तिनं फाटकाची साखळी लावली आणि वर बापाची काळी मखमली बंडी अडकवली. बंडी फाटकावर असेल तर कुरण बंद, नसेल तर उघडं. बापानं हे एकतीस वर्षं केलं, त्याच्यामागे तिनं एकोणीस. कुणी नेमलं नाही, कुणी पगार दिला नाही. ईस्टरला प्रत्येक कळपामागे एक चीज तिच्या घरी येतं, आणि ते कोणत्याही कळपाचं सर्वांत चांगलं चीज नसतं.

सार्डिनियाचं हे पठार म्हणजे थिजलेला लाव्हा. तो काळा खडक कुजून कुजून जी चिकणमाती झाली, तिच्यावर सरळ उभं राहील असं गावात काही नाही. ऑगस्टमध्ये ती विटेसारखी कडक होते आणि भेगाळते. भेगेत हात घातला तर कोपरापर्यंत जातो. जानेवारीत ती फुगते, भेगा मिटतात आणि वरचे सगळे खांब दारुड्यांसारखे एकमेकांवर कलतात. दगडी बांध पोट सोडतात. स्मशानातले क्रूसही तिरके आहेत. मेलेल्यांनासुद्धा इथे कूस बदलावी लागते. एका उन्हाळ्यात बाकीस केर्कीची कवळी हसता हसता भेगेत पडली. चार वर्षांनी, कुणी न खणता, ती बांधाजवळ वर आली. त्यानं ती उकळून पुन्हा लावली. अजून तीच आहे.

तीच कवळी दाखवत बाकीस फाटकाकडे येत होता. चाळीस वर्षांपूर्वी त्यानं गवीनाच्या मुलीला बाप्तिस्म्याला हातांत धरलं, तेव्हापासून तो गवीनाला कोमारे, म्हणजे धर्मनात्यातली बहीण, म्हणतो आणि ती त्याला कोम्पारे. भांडतानाही.

"कोमारे, बंडी काढ ती. तुझ्या बापाला वर थंडी वाजत असेल."

"तो वर गेला असेल असं तुला कुणी सांगितलं?"

"मोबाइलनं." बाकीसनं खिशातून फोन काढला आणि हात लांब करून वाचला. "उद्या शुक्रवार, सकाळी सात. सामाईक कुरण सर्व कळपांसाठी खुलं. जमिनीतील ओलावा योग्य. नगरपालिका."

"कुणी ठरवलं?"

"पेटीनं."

पेटी म्हणजे पाणवठ्याजवळच्या खांबावरचा राखाडी डबा. त्याच्याखाली जमिनीत हातभर खोल एक सळई आहे. ती ओलावा मोजते आणि आकडा नगरपालिकेच्या पडद्यावर जातो. गेल्या ऑगस्टमध्ये काल्यारी शहरातून एक इंजिनियर येऊन ती बसवून गेला. सबंध हिवाळा तिचा दिवा लाल होता. पाऊस थांबून तीन दिवस झाले आणि कालपासून तो हिरवा झाला होता.

"पेटीला म्हणावं, बूट काढून चालून दाखव," गवीना म्हणाली.

"तू नव्वद किलोची, कोमारे. तू टाच रोवलीस तर चर्चच्या फरशीतूनही पाणी निघेल."

"मी नव्वद. तुझी मेंढी पंचेचाळीस, पण तिचे खूर सुरीसारखे. हिशेब कर."

"मला हिशेब येत नाही, मला चारा संपलेला दिसतो. चार दिवसांचा उरलाय. मेंढ्या माझ्याकडे असं बघतात की मला माझ्याच गोठ्यात शिरायची लाज वाटते."

"तू दहा वर्षांचा होतास तेव्हापासूनच वाटायला हवी होती."

पण ती हसली नाही. गावचे अकरा कळप, दोन हजार शंभर मेंढ्या, म्हणजे आठ हजार चारशे खूर. ओल्या चिकणमातीवर ते एक दिवस फिरले की कुरणाची चाळण होते. खुरांच्या प्रत्येक खड्ड्यात पाणी साचतं, पाण्यात खूर सडतात. मे महिन्यात ते खड्डे जसेच्या तसे वाळून दगड होतात आणि मेंढ्यांचे पाय त्यांत मोडतात. क्लोव्हर गवत त्या वर्षी पुन्हा उगवत नाही. एकोणीस वर्षांत गवीना एकदाच, पहिल्याच वर्षी, लोकांच्या कटकटीला कंटाळून वेळेआधी बंडी काढून बसली होती. बाकीसच्या चौदा मेंढ्या लंगड्या झाल्या. तो ते वर्ष 'दुष्काळाचं' म्हणून सांगतो.

दहा वाजता ती नगरपालिकेत पोचली. बाकीस मागोमाग, तमाशा चुकवायचा नाही म्हणून. सचिव अन्तोनेल्लो देरिऊ हा बत्तीस वर्षांचा, पॉलिश केलेले तपकिरी बूट घालणारा माणूस. त्यानं तिला खुर्ची दिली, कॉफी मागवली आणि पडदा तिच्याकडे फिरवला.

"तिया गवीना, मला तुमच्याबद्दल आदर आहे." तिया म्हणजे मावशी.

"म्हणजे ऐकणार नाहीस."

"आकडा बघा ना. बावीस टक्के. तीसच्या खाली आलं की सोडायचं, असं ठरलंय."

"बावीस टक्के कशाचे? मी आत्ता टाच रोवून आले. खळग्यात मासे सोडता येतील."

"टाच हे मोजमाप नाही, तिया. उद्या तुम्हाला ताप आला तर?"

"तर बाकीसला पाठव. त्याची कवळी आधीच जमिनीत जाऊन आलीय, रस्ता माहीत आहे तिला."

अन्तोनेल्लोनं इंजिनियरला फोन लावला आणि पडद्यावर त्याचा चेहरा आला. रायमोंदो नावाचा, गोरा, चष्मेवाला, ऑगस्टमध्ये भाजून लाल झाला होता तो आता पुन्हा पांढरा पडलेला. त्यानं गवीनाला ओळखलं नाही. यंत्र तपासलं आहे, ते चूक करत नाही, असं त्यानं शांतपणे सांगितलं.

"यंत्र कुठे बसवलं होतंस?" गवीनानं विचारलं.

"अहवालात आहे." अन्तोनेल्लोनं कागद काढून मोठ्यानं वाचलं. "पाणवठ्याच्या दक्षिणेला, बांधापासून तीन मीटर. जागेची निवड स्थानिक तज्ज्ञाच्या मार्गदर्शनाखाली."

बाकीसनं मान वर केली. "तज्ज्ञ? आपल्या गावात? कोण बुवा हा?"

गवीनाचा कॉफीचा कप ओठांशी थांबला.

ऑगस्टचा दुसरा आठवडा, दुपारचे दोन. तो पोरगा कुरणात मधोमध उभा राहून लोखंडी पहारीनं जमीन ठोकत होता. जमीन घंटेसारखी वाजत होती. एक पहार वाकली, दुसऱ्या हत्याराचं पातं तुटलं. गवीनाचा कुत्रा तासभर भुंकत होता आणि चुलीवर कोकराचं मांस करपायला आलं होतं. शेवटी तिनंच कुरणालगतच्या आपल्या घराच्या दारातून हाक मारली होती, "अरे लेकरा, तिथे काय मरतोयस? पाणवठ्याजवळ खण, तिथे मऊ आहे!" त्यानं दहा मिनिटांत काम संपवलं. तिनं त्याला टरबुजाची फोड दिली. त्यानं तिचं नाव विचारून वहीत लिहून घेतलं. ती हे पार विसरून गेली होती.

मऊ असणारच. सत्याऐंशी साली पाणवठ्याला नळ आणला, तेव्हा फुगणारी माती तो दर हिवाळ्यात तोडेल म्हणून चरात दोन ट्रक वाळू भरली होती. त्या वाळूतून पाणी दोन कोरड्या दिवसांत निथळतं. पेटी पाच महिने वाळू मोजत होती.

आणि गवीना त्या पाच महिन्यांत दर रविवारी बारमध्ये सांगत होती की पेटी मूर्ख आहे, ती बसवणारा त्याहून मूर्ख.

गप्प राहिली असती तर उद्या सात वाजता फाटक उघडलं असतं, आणि मेमध्ये मेंढ्या लंगडल्यावर सगळ्यांनी पेटीला शिव्या घातल्या असत्या. तिच्या टाचेची किंमत दुप्पट झाली असती. हे तिला कळत होतं. बोलली, तर गावात टोपणनाव चिकटणार होतं, आणि इथे टोपणनाव नातवंडांना वारशात मिळतं. केर्की घराण्याला अजून 'उंदीरखाऊ' म्हणतात, आणि तो उंदीर बाकीसच्या पणजोबानंही खाल्ला नव्हता, फक्त चाटला होता.

तिनं कप खाली ठेवला.

"तज्ज्ञ मी."

बाकीस आणि अन्तोनेल्लो दोघंही तिच्याकडे वळले.

"मीच म्हणाले तिथे खण. नळाची वाळू आहे तिथे. मांस करपत होतं माझं."

बाकीसच्या तोंडातून आधी शिटीसारखा आवाज आला. मग त्याला कवळी हातानं धरावी लागली.

"हसतोस काय, उंदीरखाऊ?"

"हसत नाही, कोमारे. तज्ज्ञांसमोर मी हसेन का?"

पडद्यावरच्या रायमोंदोला हे पटलं नाही. नकाशात सगळीकडे चिकणमाती दाखवली आहे, वाळू असणं शक्यच नाही, असं तो म्हणाला. तेव्हा अन्तोनेल्लोनं फोन खिशात घातला आणि तिघं त्याच्या गाडीतून पाणवठ्यावर गेले. गाडी रस्त्यावरच ठेवली, कारण गवीनानं तसं सांगितलं. बाकीसनं फावडं मारलं. दुसऱ्याच घावाला पिवळी, मोकळी वाळू वर आली, आणि तिच्यात एक शिंपला. समुद्रसपाटीपासून सहाशे मीटर उंचावर.

अन्तोनेल्लोनं फोन काढून रायमोंदोला पुन्हा लावला आणि शिंपला कॅमेऱ्यासमोर धरला. रायमोंदो म्हणाला, "एका ठिकाणावरून सिद्ध होत नाही. शेजारची माती दाखवा."

अन्तोनेल्लो माती दाखवायला दोन पावलं बाजूला गेला. दुसरं पाऊल उचललं तेव्हा वर फक्त मोजा आला. तपकिरी बूट जागच्या जागी राहिला, त्यात हळूहळू पाणी चढलं. तोल सांभाळायला त्यानं मोजाही खाली टेकवला.

"दिसतंय का रे लेकरा?" गवीना फोनकडे बघून ओरडली. "ही शेजारची माती!"

"दिसतंय," रायमोंदो म्हणाला. मग त्यानं विचारलं, "टरबुजाची फोड तुम्हीच दिली होती ना?"

"हो. आणि आता मार्चमध्ये ये. मार्चमध्ये जमीन फावडं घेते. ऑगस्टमध्ये आलास तर पुन्हा मऊ जागा शोधशील."

बाराला सगळ्यांच्या फोनवर दुसरा संदेश आला: कुरण पुढील सूचनेपर्यंत बंद. पेटीवर अन्तोनेल्लोनं प्लास्टिकची पिशवी बांधली. पेटी मार्चमध्ये चिकणमातीत जाईल आणि तेव्हा जागा दाखवायला गवीना असेल, असं त्यानं कागदावर लिहून घेतलं. "तज्ज्ञ हा शब्द काढ," गवीना म्हणाली. त्यानं काढला नाही.

टोपणनाव थांबवायला उशीर झाला होता. एक वाजता बेकरीवाल्या बाईनं कारासाऊ या पातळ रोट्यांची कुरकुरीत चळत बांधताना विचारलं, "अजून काही, तज्ज्ञबाई?" तीन वाजता गोठ्यावर जनावरांचा डॉक्टर आला, तोही तेच म्हणाला. गवीनाच्या मुलीनं सासारीहून फोन करून विचारलं की हे आपल्या मुलांनाही लागू होतं का.

संध्याकाळी गवीनानं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून सुक्या चाऱ्याच्या बारा गाठी बाकीसच्या अंगणात टाकल्या. गुपचूप नव्हे. दोनदा हॉर्न वाजवून, बायको बाहेर येईपर्यंत थांबून.

"एवढ्यात आठ दिवस काढायचे," ती म्हणाली.

"आणि नवव्या दिवशी?"

"नवव्या दिवशी शेवई तुटली तर बंडी काढीन. नाही तुटली तर कवळी काढून तुझ्या मेंढ्यांना दे, त्याच चावतील काहीतरी."

बाकीसनं गाठी मोजल्या, वास घेतला आणि चारा गेल्या वर्षीचा आहे अशी तक्रार केली. तो गेल्या वर्षीचाच होता.

उद्या शुक्रवार. सूर्योदय सात वाजून एकेचाळीस मिनिटांनी आहे, दुधाचा टँकर सव्वाआठला पक्क्या रस्त्यावरच उभा राहील, फाटकाला साखळी आहे आणि वर बंडी. सात दहाला टाच.