टाकीवरचा टहाळ

गाडी फाटकाबाहेर काढत होतो तेव्हा आमच्या पुण्यातल्या सोसायटीचे सेक्रेटरी हात हलवत सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "जाताना चाकांवर चाललाय, येताना क्रेनला लटकून याल!" माझी बायको सुमन हिने खिडकीतून त्यांच्या हातावर खोबऱ्याची वडी ठेवली. मी मनातल्या मनात जे ठेवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

गाडी म्हणजे एक जुनी डिझेल व्हॅन. निवृत्तीनंतरची दोन वर्षं मी तिच्यातच घालवली. मागची बाकं काढून तिथे पलंग, फडताळ, रॉकेलचा स्टोव्ह आणि हात धुण्यापुरती मोरी बसवली. सुमन तिला 'बिऱ्हाड' म्हणायची. पाचाड, महाड, पोलादपूर, तिथून वर कुडपण आणि मग स्वतःच्या इंजिनावर पुन्हा त्याच फाटकातून आत, असा बेत होता. त्यातला शेवटचा टप्पा मला सगळ्यांत महत्त्वाचा होता.

वरंध घाट बिऱ्हाडाने कुरकुर न करता उतरला. दिवाळी होऊन गेली होती, खालच्या खाचरांतला भात बराचसा कापून झाला होता. पाचाडला पोचलो तर गाव कुणा पुढाऱ्याच्या स्वागतासाठी सजत होतं. पहिल्या कमानीवर पुढाऱ्याचा फोटो शिवाजी महाराजांएवढा होता, दुसरीवर त्याहून मोठा. तिसऱ्या कमानीपर्यंत आम्ही गेलो नाही. आम्ही पिठलं-भाकरी खात होतो, तेवढ्यात छातीवर बिल्ला लावलेला एक जण आला.

"गाडी काढा इथनं. साहेबांच्या ताफ्याला अडचण होते."

"साहेब कधी येणार?"

"परवा."

"मग आम्ही उद्या जातो."

माझं उत्तर चोख होतं, फक्त ते चुकीच्या माणसाला दिलं. सकाळी डिझेल टाकीचं झाकण गायब होतं. ते कोणी काढलं याचा पुरावा माझ्याकडे नाही, संशय मात्र भरपूर आहे. टाकीच्या तोंडाला फडकं बांधलं आणि निघालो. महाड चार किलोमीटरवर असताना इंजिन खोकलं आणि गप्प झालं. एका ट्रकवाल्याने दोर बांधून आम्हाला महाडपर्यंत ओढून नेलं. दोर म्हणजे क्रेन नव्हे, असं मी सुमनला दोनदा सांगितलं.

गॅरेज इस्माईलभाईंचं होतं. कुवेतमध्ये बारा वर्षं ट्रक दुरुस्त करून ते महाडला परतले होते. त्यांनी टाकी खाली उतरवून उलटी केली. आतून डिझेल आलं आणि त्यामागून चिखल.

"साहेब, ह्या टाकीत भात लावता येईल," ते म्हणाले.

दुपारपर्यंत टाकी धुतली, फिल्टर बदलला, लाइनमधली हवा काढली. "माती पंपापर्यंत गेली नाही, हे नशीब. पण परत कोणी हात घातला तर पंप जाणार. मग पुण्यापर्यंत दोरच." नवं झाकण बसवून त्यांनी त्याच्याभोवती पत्र्याची एक पेटी वेल्ड केली. तिला कडी-कोयंडा, आणि त्यात मुठीएवढं पितळी कुलूप. त्यांच्या घरून तांदळाची भाकरी आणि जवळ्याची (सुकवलेल्या बारीक कोळंबीची) चटणी आली. ती खाता खाता मी त्या कुलपाकडे, नव्या जावयाकडे बघावं तसा, कौतुकाने बघत होतो.

कौतुक पोलादपूरपर्यंत टिकलं. टपरीवर चहा पिऊन परत आलो तर पेटीभोवती पाच जण उभे.

"काय असंल रं ह्यात?"

"सोनं असंल."

"ह्यॅ! सोनं कोण भायेर लटकवतंय? दारू हाय."

"डिझेल आहे," मी म्हणालो. कोणाचाच विश्वास बसला नाही. डिझेलला एवढं मोठं कुलूप कोण लावतो? आम्ही बाजारात भाजी घ्यायला गेलो. तेवढ्यात कोणीतरी कुलूप उघडून पाहण्याचा प्रयत्न केला, आणि किल्लीच्या भोकात तारेचा तुकडा मोडून ठेवला. शेवटी हातोडा मागून आणला आणि मीच माझं कुलूप फोडलं. पाचही जण हजर होते. पेटीतून फक्त झाकण निघालं तेव्हा त्यांना माझ्याहून जास्त वाईट वाटलं.

कुडपणची चढण आम्ही पहिल्या गिअरमध्ये चढलो, पेटीला नुसती तार गुंडाळून. वर मोकळा माळ, कापलेल्या गवताचे ढीग आणि थंड वारा. चांगुणाबाई नावाच्या पन्नाशीच्या बाईंनी त्यांच्या अंगणाशेजारी जागा दिली, नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं दिलं. मग मी तारेला आणखी पीळ देत बसलो होतो, ते बघत उभ्या राहिल्या.

"दादा, ही तार कोणासाठी?"

"चोरासाठी."

"चोर खालनं बरोबर आणलास काय?"

सुमन हसली. मी झाकण, चिखल, कुलूप सगळं सांगितलं. चांगुणाबाईंनी माळाकडे हात केला. "आमचं गवत महिना महिना तिथं पडून असतंय. लाकडं हायत. त्यांना कुलूप कुठं लावू?" त्यांनी ऐनाचा टहाळ (पानांसकट तोडलेली फांदी) आणला, कोयंड्यात खोवला आणि पेटीवर एक दगड ठेवला. "ही खूण. कोणाचं तरी हाय, हात लावायचा नाय. आता वाडीत सांगून येते."

"यात देव कुठला?" मी विचारलं.

"देव कशाला येतोय? त्याला काय कामधंदा नाय?"

माझ्यासारख्या नास्तिकाने तार सोडायला घेतली.

दुसऱ्या दिवशी आम्ही माळाच्या कड्यापर्यंत चालत गेलो. वाटेत सहलीला आलेल्यांच्या दोन जीप वाडीच्या दिशेने गेल्या. खाली दरी, दरीत सावित्रीच्या खोऱ्याचा निळा धूसरपणा, आणि माझ्या डोळ्यांपुढे फक्त पंप. दुपारी जवळजवळ पळतच परतलो. पेटी जागच्या जागी होती, दगडही. टहाळ मात्र ऐनाचा नव्हता. जांभळाचा होता.

"शेरडानं खाल्ला," चांगुणाबाई म्हणाल्या. "कोणीतरी दुसरा लावला असंल."

"कोणी?"

"ज्यानं पायलं त्यानं. मला काय ठाव?" मग सुमनकडे वळून म्हणाल्या, "गो बाय, जीपवाले डिझेल काढायला नळी घेऊन आले होते. डोईवरची पाटी टाकून चार बाया धावल्या. म्हणल्या, ही आमच्या वाडीची गाडी हाय. गेले शेपूट घालून."

राखणदाराला शेळीने खाल्लं होतं आणि राखण तरीही झाली होती. त्या चार बायांपैकी एकीचंही नाव मला आजतागायत माहीत नाही.

उतरताना पोलादपूरला मुद्दाम त्याच टपरीसमोर थांबलो. तेच पाच जण. एकाने पेटीकडे हात नेला, तसा दुसरा ओरडला, "ए, कुडपनचा टहाळ हाय त्यो! माजी मावशी हाय तिथं." हात मागे गेला. चहा बाहेर आला, खारी बिस्किटांसकट. महाडला इस्माईलभाई पोट धरून हसले. माझं मोडकं कुलूप त्यांनी भिंतीवर टांगून ठेवलं आणि वरंध घाटासाठी इंजिनचा आवाज एकदा कान लावून ऐकला. "जा बिनधास्त," म्हणाले.

घाट एकदाही न थांबता चढलो.

सोसायटीच्या फाटकातून आत शिरताना मी हॉर्न वाजवला. गरज नव्हती, पण भरपूर वाजवला. सेक्रेटरी बाल्कनीतून खाली आले, गाडीभोवती फिरले, पुढे कुठे दोराच्या खुणा दिसतात का ते वाकून पाहिलं. महाडच्या दोराची खूण सुमनने घाटाखालीच पुसून टाकली होती.

"आणि हा पाला कशाला?" त्यांनी टहाळ उपटून हातात घेतला.

मी त्याच संध्याकाळी बाजारातून एक मोठं कुलूप आणून लावलं. आमच्या सोसायटीत एकशेवीस माणसं राहतात, सगळी शिकलेली, पण टहाळ वाचता येईल असं त्यांत कोणी नव्हतं.