दोन भुवयांमधली जागा

सुट्टीच्या दिवशी सकाळी ती खिडकीपाशी खुर्ची ओढून बसत असे. चेहरा कोमट पाण्याने धुतलेला, मांडीवर रुमाल, एका हातात लहान आरसा आणि दुसऱ्यात पोलादी चिमटा. केस मुळाशी धरायचा, तो ज्या दिशेने वाढतो त्याच दिशेने ओढायचा, आणि थोडे केस निघाले की आरसा लांब धरून पूर्ण चेहरा पाहायचा. कारण फार जवळून पाहिले की प्रत्येकच केस जास्तीचा वाटू लागतो. भुवईच्या वरच्या कडेला ती कधी हात लावत नसे. दोन भुवयांमधल्या जागेला मात्र तिच्याकडे दयामाया नव्हती. तिथे काळा ठिपका दिसला रे दिसला की तो उपटला जाई.

ही जागा एके काळी मोकळी नव्हती. वडिलांच्या भुवया जुळलेल्या होत्या आणि लेकीने त्या जन्मतःच उचलल्या होत्या. कपाळाखाली कोणी हात न उचलता एकच रेघ ओढावी, तशा. म्हणून आई तिला ‘रेघू’ म्हणे. शाळेतल्या मुली तिला ‘सुरवंट’ म्हणत. “सुरवंटा, फुलपाखरू कधी होणार गं?” असे विचारून विचारून त्यांनी तिला एकदा रडवून घरी पाठवले, तेव्हा आई काजे करता करता हसली होती. कपड्यांच्या कारखान्यातून घरी येणाऱ्या शर्टांना काजे-बटणे करणे हा आईचा व्यवसाय.

“त्यांना सांग, तुमच्या भुवयांचं आपसात पटत नाही, त्याला आम्ही काय करणार? आमच्या कशा हातात हात घालून उभ्या आहेत!”

पण वडील गेले आणि रेघूला नोकरी शोधावी लागली. चष्म्यांच्या दुकानाच्या मालकांनी तिची सगळी उत्तरे ऐकून घेतली. “काम काय, शिकाल तुम्ही,” ते म्हणाले. “पण गिऱ्हाईक आधी तुमचा चेहरा बघतं, मग चष्मा. तेव्हा जरा... इथे...” आणि त्यांनी स्वतःच्या दोन भुवयांमध्ये बोट फिरवले. ते वाईट गृहस्थ नव्हते. सांगताना त्यांना अवघडल्यासारखेही झाले होते.

त्या संध्याकाळी आईने काजांच्या दोऱ्याचे रीळ घेतले, दोऱ्याचे एक टोक दातांत धरले आणि लेकीला समोर बसवले. “डोळे मीट. थोडं दुखेल, मग सवय होईल.” दोरा सरसरत फिरला. काम झाल्यावर आईने तिचे कपाळ पुसले, “आता दिसतेस दुकानातली,” एवढेच म्हटले आणि मग बराच वेळ तिच्याकडे पाहिले नाही.

समाज आपल्या अटी क्वचितच स्वतःच्या हाताने लादतो. त्या कामासाठी त्याला घरातले, प्रेमाचे हात आयते मिळतात. ज्याच्यावर अट लादली जाते त्याला पुढे तक्रारही करता येत नाही, कारण ती करायची तर आईविरुद्ध करावी लागते.

दोऱ्याची जागा पुढे चिमट्याने घेतली. दुकानात ती रुळली, निष्णात झाली. नाकाचा उंचवटा पाहून कोणती चौकट बसेल हे ती बिनचूक सांगे. रस्त्यावरचे लोक तिला ‘चष्म्याच्या बाई’ म्हणून ओळखू लागले आणि रेघू हे नाव फक्त आईच्या तोंडी उरले.

मग आईच्या तोंडूनही ते तिच्यासाठी येईनासे झाले. प्रथम आई शेगडीवरचे भांडे विसरू लागली, पुढे नवऱ्याचा मृत्यू विसरली, आणि एका दुपारी दार उघडून आत आलेल्या लेकीला तिने विचारले, “कोण हवंय तुम्हाला?”

“आई, मी. रेघू.”

“काहीतरीच काय! रेघू शाळेत गेलीय.”

तिने आपल्या धंद्यातून उत्तर शोधले. आईचा चष्मा जुना झाला होता. तिने आईला दुकानात नेले, डोळे तपासून घेतले, भिंगे स्वतः निवडली. नव्या चष्म्यातून आईने औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरे वाचली, छताची भेग दाखवली, लेकीच्या ब्लाउजच्या गळ्याचा सुटलेला टाकाही ओळखला.

“छान झाला हो चष्मा. तुमच्या हाताला गुण आहे.”

“आई, मी कोण ते सांग.”

“आता हे काय विचारणं झालं? तुम्ही चष्म्याच्या बाई.”

मग परक्या बाईने विचारावे तसे तिने विचारले, “तुमची मुलगी कशी दिसते हो?”

आईने बोट उचलले आणि हवेत, एका कानशिलापासून दुसऱ्यापर्यंत, न थांबता ओढले. “अशी. एकच रेघ. हजारात ओळखेन मी माझ्या लेकीला.”

चिमटा त्याच दिवशी कपाटात गेला. आईने एकदा, मरण्यापूर्वी एकदाच, आपल्याला नावाने हाक मारावी, याहून वेगळे तिला आता काही नको होते. दुकानाचे मालक आता म्हातारे झाले होते. काही आठवड्यांनी त्यांनी चौकशी केली. “बाई, तब्येत बरी आहे ना? नाही म्हटलं, जरा... इथे...” आणि तेच बोट त्याच जागी फिरले.

“राहू द्या,” ती म्हणाली. “घरी गरज आहे या केसांची.”

पण केस येईनात. दिवसभर आईपाशी बसणाऱ्या शेजारच्या काकूंनी एरंडेल चोळायला सांगितले. तिने ते मनोभावे चोळले. काही महिन्यांनी काकूंनीच तिचा चेहरा उजेडाकडे वळवून पाहिला आणि त्या चुकचुकल्या.

“वरवर कापलेलं गवत पुन्हा येतं गं. तू तर वर्षानुवर्षं मुळासकट उपटत आलीस. आता जमिनीनेच नाही म्हटलं तर कोणाला बोल लावायचा?”

आले ते बोटांवर मोजण्याइतके. विरळ, एकमेकांपासून लांब, त्यांतले काही पांढरे.

अखेर एका सुट्टीच्या सकाळी ती पुन्हा खिडकीपाशी बसली. या वेळी हातात भुवयांची पेन्सिल होती. त्या विरळ केसांच्या आधाराने तिने बारीक रेघा ओढत मधली जागा भरून काढली. आरसा लांब धरला. इतक्या वर्षांनी त्यातून वडील तिच्याकडे पाहत होते.

ती आईसमोर जाऊन बसली. आईने चष्मा सारखा केला आणि पाहिले. पाहतच राहिली. मग तिचा हात हळूहळू वर आला, लेकीच्या कपाळाकडे.

आईने अंगठा जिभेवर ओला केला आणि ती रेघ पुसली.

“काळं लागलंय बाई तुमच्या तोंडाला. असं घेऊन चारचौघांत जाऊ नका, लोक हसतात.” अंगठा पुन्हा फिरला आणि थांबला. चष्मा खरोखरच चांगला झाला होता. “आणि हे केस कसले? थांबा, हलू नका.”

शिवणाच्या डब्यातून तिने रीळ काढले. लेकीला तो हात धरता आला असता. पण ज्या बोटांना हल्ली बटण लावता येत नव्हते, ती दोऱ्याचा फास न चुकता घालत होती, आणि ते पाहताना तिला आशा वाटू लागली. कदाचित चेहऱ्याला जे जमले नाही ते या बोटांना जमेल. आईने दोऱ्याचे टोक दातांत धरले.

“डोळे मीट. थोडं दुखेल, मग सवय होईल.”

तेच शब्द, तोच स्वर. तिने डोळे मिटले. “आई,” ती म्हणाली.

“हलू नकोस म्हटलं ना.”

दोरा सरसरला. एरंडेल लावून, वाट पाहून मिळवलेला एकेक केस निघत गेला. आईने कपाळ पुसले, मान मागे घेतली आणि नव्या भिंगांतून आपले काम समाधानाने न्याहाळले.

“हं. आता कशा नीटस दिसता, बाई.”

रीळ गुंडाळता गुंडाळता तिची नजर दाराकडे गेली. “आता माझी लेक येईल. तिच्याही भुवया कोरा म्हणून लोक मागे लागलेत. नोकरी मिळणार नाही म्हणतात.” तिने मान हलवली. “पण मी नाही हो हात लावणार. तिच्या बापाच्या भुवया आहेत त्या. एकदा गेल्या की तिला मी ओळखायचं कशावरून?”

लेकीने मांडीवरचे केस झटकले नाहीत. ते रुमालात गोळा करून ती उठली. “चहा करू?” तिने विचारले.

“करा. पण दार तेवढं लावू नका. ती यायचीय.”

तिने दार उघडेच ठेवले आणि चहाचे आधण ठेवायला आत गेली.