शिरढोणची चार मिनिटं

पनवेल–पेण बसची कंडक्टर किशोरी हिला देवाने दोन हात दिले होते आणि दोन्हींना काम लावून ठेवलं होतं. एका हातात तिकिटाचं मशीन, दुसऱ्या हातात डोक्यावरची दांडी. तिसरा हात असता तर तो तिने कान्हाला दिला असता, पण तिसरा हात काही नोकरीबरोबर मिळत नाही. ओळखपत्र मिळतं, खाकी कापड मिळतं, शिट्टीसुद्धा मिळते.

कान्हा म्हणजे तिचा मुलगा. वय नऊ महिने आणि स्वभाव हट्टी. किशोरीची बाळंतपणाची रजा संपली तेव्हा घरच्यांनी त्याच्यापुढे काय काय ठेवलं नाही? वाटी-चमचा झाला, बोंडलं झालं. शेवटी बापाने, म्हणजे कल्पेशने, उरणच्या कंटेनर यार्डातून येता येता भारीतली बाटली आणली. कान्हाने तिचं रबरी बोंड चावून पाहिलं आणि ती शांतपणे खाटेखाली टाकली. त्याला आई पाहिजे होती आणि ती वेळेवर पाहिजे होती. डेपोलाही किशोरी वेळेवरच पाहिजे होती. दोघांचंही म्हणणं बरोबर होतं, हीच तर पंचाईत.

त्यातून वाट काढली सासूने. रंभाबाईंचं घर शिरढोणला, हायवेच्या थांब्यापासून हाकेच्या अंतरावर. सुनेची बस सकाळी पेणहून परत येताना अकरा दहाला तिथे थांबायची. रंभाबाई नातवाला कडेवर घेऊन थांब्यावर उभ्या राहायच्या. किशोरी उतरायची, थांब्याच्या मागे पाठ करून बसायची आणि चार मिनिटांत कान्हाचं पोट भरायचं. तेवढ्या वेळात ड्रायव्हर दादूकाका खाली उतरून चाकांना एकेक लाथ मारायचे, म्हणजे लांबून पाहणाऱ्याला वाटावं, गाडीचं काही तरी चाललंय. सहा चाकांना लाथा मारून झाल्या की कान्हालाही ढेकर आलेला असायचा. रोजच्या पासवाल्यांना हे ठाऊक होतं. ते बिचारे तंबाखू मळायचे आणि दुसरीकडे बघायचे.

पण हल्ली बसला, ती कुठे किती वेळ थांबली ते टिपणारं एक यंत्र लावलेलं असतं आणि यंत्राला मूल नसतं. डेपोतून किशोरीला पत्र आलं, ‘शिरढोण येथे दररोज चार मिनिटे जादा थांबा होतो, त्याचे कारण द्यावे.’ तिने लिहून दिलं, ‘गर्दी.’ खोटं इतकं सहज लिहून झालं, याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं. दादूकाकांनी मात्र बजावलं, “पोरी, दुसऱ्या वेळेला पत्र येत नाय. ऑर्डर येते. लांब पल्ल्याच्या गाडीवर टाकतील, रात्रीच्या मुक्कामाला.” मुक्काम म्हणजे कान्हा अख्खा दिवस आणि अख्खी रात्र उपाशी. तेव्हापासून शिरढोण जवळ आलं की तिला आधी पत्र आठवायचं आणि मग छातीत दूध यायचं.

मे महिन्यातला लग्नाच्या मुहूर्ताचा दिवस होता. बसमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. रोजचं एक माणूस दिसेल तर शपथ. सगळी वऱ्हाडी मंडळी, अत्तर आणि आहेराची पाकिटं. शिरढोण आलं तेव्हा किशोरी गाडीच्या पार मागे, एका म्हाताऱ्याच्या सुट्ट्या पैशांत अडकली होती. बसच्या आत, पुढच्या दाराशी नेमके तिकीट तपासणीचे सुभाष साहेब उभे होते. सुभाष साहेब म्हणजे नियमाचं चालतं-बोलतं पुस्तक. निवृत्तीला पाच महिने राहिले होते, पण लग्नाच्या जेवणालासुद्धा ते रांगेत उभे राहायचे आणि पुढे घुसणाऱ्याला बाहेर काढायचे.

दादूकाकांनी साहेबांना पाहिलं आणि त्या दिवशी चाकांना कुणी लाथ मारली नाही. रंभाबाईंनीही साहेबांना पाहिलं. बाई हुशार. दाराकडे न जाता त्या बसच्या कडेने चालत गेल्या, एका खिडकीशी थांबल्या आणि कान्हाला अलगद आत सरकवलं. म्हणाल्या, “घ्या वो दादा.” आत गेला की पोचेल आपल्या आईकडे, जाणार कुठे, असा त्यांचा हिशेब. दोन घंटा झाल्या, बस सुटली आणि रंभाबाई निर्धास्तपणे भात टाकायला घरी गेल्या.

खिडकीत बसले होते बुधाजी, खारपाड्याचे शेतकरी, डोक्याला नवा फेटा. त्यांनी उभ्या जन्मात बसच्या खिडकीतून आत येणाऱ्या पुष्कळ वस्तू पाहिल्या होत्या. रुमाल, पिशवी, छत्री, एकदा तर कोणाची चप्पल. जागा धरायची असली की माणूस वस्तू टाकतो आणि ती वस्तू कोणी हलवत नाही, एवढी शिस्त आपल्या मुलखात अजून शिल्लक आहे. त्यांच्या शेजारची जागा शिरढोणलाच रिकामी झाली होती. बुधाजींनी कान्हाला त्या जागेवर नीट बसवलं, पडू नये म्हणून आपल्या उपरण्याचा टेकू दिला आणि धरणाऱ्याची वाट बघत बसले.

मागे किशोरीला वाटलं, सासूने साहेबांना पाहिलं असणार आणि ती परत फिरली असणार. बरं झालं, असं तिने मनाशी म्हटलं आणि तिला अजिबात बरं वाटलं नाही. कान्हा आता दुपारपर्यंत रडणार होता. ती तिकिटं फाडत राहिली.

पुढे भांडण जुंपलं. खारघरच्या वसुंधराबाई पैठणी नेसून, आहेराची भलीमोठी पितळी समई छातीशी धरून उभ्या होत्या. त्यांनी बराच वेळ ती जागा न्याहाळली.

“आजोबा, बाळाला मांडीवर घ्या ना. मला बसू दे.”

“जागा धरलेली हाय,” बुधाजी म्हणाले.

“कोणी?”

“ह्यानी.”

“अहो, हे एवढंसं मूल. ते जागा कशी धरेल?”

“रुमालाला जागा मिलते. मंग पोराला का नाय मिलनार? रुमालापेक्षा तरी मोठा हाय ना तो?”

यावर आजूबाजूच्या वऱ्हाडात दोन तट पडले. एकाचं म्हणणं, पाच वर्षांखालच्या मुलाचं तिकीट नाही, म्हणून जागाही नाही. दुसऱ्याचं म्हणणं, रुमालाचं तरी कुठे तिकीट असतं? कान्हा या चर्चेत भाग न घेता उपरण्याचं टोक चोखत होता. पळस्प्याच्या अलीकडे गाड्यांची रांग लागली, बस उभी राहिली आणि वाद इतका वाढला की सुभाष साहेब गर्दीतून वाट काढत तिथे आले.

“हे मूल कुणाचं?”

कोणी हात वर केला नाही. साहेबांनी पुढून मागे एकेका बाकाला विचारलं. बस बारा वेळा ‘आमचं नाही’ म्हणाली. साहेबांनी कंडक्टरला हाक मारली.

किशोरी आली आणि तिने कान्हाला पाहिलं. पायांखालची बसच कोणी काढून घेतल्यासारखं तिला झालं. साहेबांनी तिला विचारलं, “तुम्हाला माहीत आहे का, कुणाचं आहे?” तिच्या डोळ्यांपुढे ते पत्र आलं, मुक्कामाची ड्युटी आली, खाटेखालची बाटली आली.

“माहीत नाही, साहेब,” ती म्हणाली.

म्हणून झालं आणि तिला स्वतःची शिसारी आली. पण बोलून बसली होती.

“मग बेवारस वस्तूचा फॉर्म काढा,” साहेब म्हणाले.

“मुलाचा?” वसुंधराबाईंनी विचारलं.

“गाडीत सापडलं आणि मालक नाही, तर फॉर्म. एकदा कोंबडी सापडली होती, तिचाही भरला होता. पनवेलला डेपोत जमा करायचं, पुढे पोलीस येऊन बघतील.” मग किशोरीकडे वळून म्हणाले, “लिहा. वर्णन.”

किशोरीने बॅगेतून फॉर्म काढला आणि स्वतःच्या पोराचं वर्णन लिहायला घेतलं.

“वय?”

“सात म्हयने असंल,” बुधाजींनी अंदाज केला.

“नऊ महिने एकोणीस दिवस,” किशोरी म्हणाली, आणि सगळे तिच्याकडे बघायला लागले तेव्हा पुढे म्हणाली, “अंदाजे.”

“रंग सावळा.”

“गव्हाळ, साहेब.”

“सावळाच दिसतो.”

“उन्हात आणलंय त्याला. गव्हाळ आहे,” असं म्हणून तिने दाबून ‘गव्हाळ’ लिहिलं.

“खूण?”

डाव्या गालावर तीट, उजव्या गुडघ्यामागे तीळ. तीळ तिने न बघताच लिहिला. साहेबांनी गुडघा वळवून पाहिला, तीळ होता, आणि त्यांनी किशोरीकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

“दात?”

“एक. खालचा.”

वसुंधराबाईंनी समई बुधाजींच्या मांडीवर ठेवली आणि कान्हाच्या तोंडात बोट घालून पाहिलं. “दोन आहेत. वरचा आत्ताच फुटतोय. हिरडीतून टोक आलंय बघा.”

किशोरीचं पेन थांबलं. वरचा दात. पहाटे साडेचारला ती निघाली तेव्हा कान्हा झोपेत होता, तोंड मिटलेलं. तिच्या पोराचा दात तिच्याआधी पैठणी नेसलेल्या एका अनोळखी बाईला सापडला होता आणि आता तो तिला ‘वस्तूचे वर्णन’ या रकान्यात भरायचा होता. तिला फार वाईट वाटलं. तिने एकाचे दोन केले.

“कंडक्टर, आकडा नीट वाचता येईल असा लिहा,” साहेब म्हणाले.

“हो साहेब,” असं ती म्हणाली, तेवढंच. पण एवढा वेळ उपरणं चोखण्यात गुंग असलेल्या कान्हाने आता तो आवाज ओळखला. त्याने मान वळवली, आईला पाहिलं, दोन्ही हात पुढे केले आणि टाहो फोडला. अकरा दहाची भूक होती आणि साडेअकरा वाजत आले होते.

किशोरी जागची हलली नाही. फॉर्मवर नजर लावून उभी राहिली. पण दुधाला ड्युटी कळत नाही. खाकी कापडावर छातीशी दोन ओले डाग उमटले आणि सगळ्यांच्या देखत मोठे होत गेले.

वसुंधराबाईंनी ते पाहिलं. त्या मधे उभ्या राहिल्या आणि त्यांनी पैठणीचा पदर पसरला. बुधाजींनी फेटा सावरत खिडकीबाहेर तोंड केलं.

“माझा आहे, साहेब,” किशोरी म्हणाली. “रोजची चार मिनिटं यालाच लागतात. गर्दी खोटी लिहिली. काय करायचं ते करा.” आणि ती त्या जागेवर बसली, कान्हाला पदराआड घेतलं. सबंध बसमध्ये चुपुचुपु एवढाच आवाज राहिला. 

साहेबांनी फॉर्म उचलून पाठ केली आणि तो ड्रायव्हरशेजारच्या बोनेटवर ठेवून पुढचं लिहायला घेतलं. “वस्तूवर दावा करणाऱ्याचा पुरावा,” त्यांनी मोठ्याने वाचलं.  मग ‘समक्ष पाहिला’ असं लिहिलं.

पनवेलच्या स्टँडात बस रिकामी झाल्यावर त्यांनी फॉर्म किशोरीपुढे धरला. फक्त नात्याचा रकाना राहिला होता. डावीकडे कान्हा झोपलेला, उजव्या हाताने तिने सवयीने लिहिलं, ‘कंडक्टर’. लक्षात आल्यावर ती खोडायला गेली.

“खाडाखोड चालत नाही,” साहेब म्हणाले. “पुढे लिहा.”

तिने पुढे लिहिलं, ‘आई’.

साहेबांनी फॉर्म घेतला, खिशातून लाल पेन काढलं आणि शेऱ्याच्या जागी सावकाश लिहिलं. लिहून होईपर्यंत किशोरीला वाटलं, गेली आपली गाडी, आला मुक्काम. मग त्यांनी तो तिच्या हातात दिला. शेरा असा होता: ‘सदर वस्तू शिरढोण थांब्यावर रोज हरवते. मालकास परत देण्यास चार मिनिटे लागतात. मंजूर. फॉर्म दररोज तीन प्रतींत भरावा.’ खाली सही आणि तारीख होती.

किशोरी तशीच, पोराला खांद्यावर टाकून, स्टोअरच्या खिडकीशी गेली आणि कोरे फॉर्म मागितले. आतल्या कारकुनाने विचारलं, “किती देऊ?”

“दूध तुटेपर्यंत पुरतील एवढे,” ती म्हणाली.